डॉक्टरांच्या खिशातला टूडी इको

हृदयरोगाच्या ओपीडीबाहेर थोडा वेळ बसले, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो : ‘पंपिंग किती आलं?’ टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून बाहेर आलेल्या रुग्णाला नातेवाईक पहिल्यांदा हेच विचारतात आणि संध्याकाळपर्यंत तो टक्क्यांतला आकडा घरभर पाठ झालेला असतो. हा आकडा मिळवायला आजवर वेगळी खोली, वेगळी वेळ, वेगळे पैसे आणि चाकांवर ढकलत न्यावे लागणारे यंत्र लागत असे. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मात्र या यंत्राची एक धाकटी आवृत्ती डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात मावू लागली आहे. केस कापण्याच्या ट्रिमरएवढा एक प्रोब मोबाइलला किंवा टॅबला जोडायचा, छातीवर थोडे जेल लावायचे आणि पडद्यावर धडधडणारे हृदय पाहायचे, इतके ते सोपे दिसते. मग नाडी, बीपी आणि स्टेथोस्कोप यांच्या जोडीने डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीतच हृदयही डोळ्यांनी पाहून घ्यावे का, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. त्याचे उत्तर यंत्राच्या किमतीपेक्षा किंवा आकारापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून आहे : प्रोब छातीवर ठेवण्याआधी डॉक्टरांच्या मनात नेमका कोणता प्रश्न आहे, यावर.

आधी हे यंत्र पाहते कसे, ते समजून घेऊ. खोल बारवेत डोकावून हाक मारली, की भिंतीवर आणि पाण्यावर आपटून ती परत येते आणि परत यायला लागलेल्या वेळावरून खोलीचा अंदाज बांधता येतो. प्रोब हेच करतो, फक्त त्याची हाक आपल्याला ऐकू येत नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला जास्तीत जास्त २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो, तर प्रौढ माणसाच्या हृदयासाठी वापरल्या जाणाऱ्या ध्वनीची कंपने सेकंदाला साधारण २० ते ५० लाख असतात. काही स्फटिक दाबले असता त्यांच्यात वीज निर्माण होते, हे १८८० मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवून दिले होते. उलट बाजूने अशा स्फटिकाला वीज दिली, तर तो थरथरतो. वीज देऊन आवाज काढायचा आणि परत आलेल्या आवाजाची पुन्हा वीज करायची, ही प्रोबची सगळी करामत त्या गुणधर्मावर उभी आहे. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. छातीच्या आत १५ सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा साधारण पाच हजारावा भाग पुरतो. म्हणूनच हलत्या झडपांचे चित्र जवळजवळ न अडखळता दिसू शकते. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे किरणोत्सर्गाची भीतीही नाही.

मात्र हाड आणि हवा या दोन गोष्टी या ध्वनीला पार करता येत नाहीत. नेमके हृदय फासळ्यांच्या पिंजऱ्यात आणि हवेने भरलेल्या फुप्फुसांच्या मधोमध बसलेले आहे. रुग्णाला डाव्या कुशीवर वळायला सांगतात, श्वास सोडून थांबायला सांगतात आणि तो गार, चिकट जेल लावतात, ते सगळे या दोन अडथळ्यांपायी. कुशीवर वळल्याने हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकते, श्वास सोडल्याने फुप्फुस बाजूला होते आणि जेलमुळे प्रोब व कातडी यांच्यामध्ये हवेचा थर राहत नाही. वर्षानुवर्षे विडी ओढून ज्यांची फुप्फुसे फुगली आहेत, त्यांच्या बाबतीत कुशल हातालाही कधी कधी धड चित्र मिळत नाही.

हृदय ध्वनीने पाहण्याची सुरुवात स्वीडनमधील लुंड येथे १९५३ मध्ये झाली. तेथील हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी धातूतील भेगा शोधण्यासाठी वापरले जाणारे यंत्र मिळवून ते चक्क माणसाच्या छातीवर लावले. हातात मावणारे यंत्र करण्याचा एक प्रयत्न १९७०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला होता, परंतु त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते चित्र पेलले नाही. २०१० च्या सुमारास जीई कंपनीचे व्हीस्कॅन हे खिशातले यंत्र बाजारात आले. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बटरफ्लाय आयक्यू या प्रोबने तर स्फटिकांना बाजूला सारून सिलिकॉनच्या चिपवर हजारो अतिसूक्ष्म पडदे बसवले. मोबाइलचा कॅमेरा ज्या कारणांनी स्वस्त झाला, त्याच कारणांनी हा प्रोबही स्वस्त होऊ लागला.

आता स्टेथोस्कोपकडे वळू, कारण या चर्चेत त्या बिचाऱ्यावर जरा जास्तच टीका होते. पॅरिसच्या रने लायनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून एका रुग्ण स्त्रीच्या छातीला लावली, तेव्हापासून दोनशे वर्षे डॉक्टर हृदय ऐकत आले आहेत. पण ऐकणे म्हणजे बंद दाराबाहेर उभे राहून आतल्या भांडणाचा अंदाज बांधण्यासारखे आहे, ज्याचा कान तयार त्याला कळते आणि बाकीच्यांना नुसता गलका ऐकू येतो. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकाऊ डॉक्टरांना हृदयाचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले गेले, तेव्हा त्यांना सरासरी पाचांपैकी एकच आवाज अचूक ओळखता आला. इंग्लंडमधील २०१८ च्या एका अभ्यासात, कोणतीही तक्रार नसलेल्या २५१ जणांची छाती डॉक्टरांनी आधी ऐकली आणि मग त्यांचा इको केला. झडपेत दखल घेण्याजोगा बिघाड असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी, म्हणजे ४४ टक्के जणांमध्येच तो कानाने पकडता आला होता. याउलट लॉस एंजेलिसमध्ये २००५ मध्ये पहिल्या वर्षाच्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांना १८ तासांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती छोटे इको यंत्र दिले गेले. त्यांनी हृदयातील ७५ टक्के दोष ओळखले, तर हातांनी आणि कानांनी तपासणाऱ्या अनुभवी हृदयरोगतज्ज्ञांना ४९ टक्केच ओळखता आले. हा निकाल सांगताना विद्यार्थी दोनच होते आणि रुग्ण अवघे ६१ होते, ही गोष्ट पुष्कळदा गाळली जाते. तरीही रोख कोणत्या दिशेला आहे, ते त्यातून कळते. अर्थात दम्याची घरघर ऐकायला आजही स्टेथोस्कोपच लागतो आणि त्याची बॅटरी कधी संपत नाही.

तपासणीच्या टेबलावर पाच मिनिटांत या यंत्राने काय पाहायचे असते? एक उदाहरण घेऊ. साठीच्या एक बाई धाप लागते म्हणून आल्या आहेत, पायांवर सूज आहे आणि बीपीच्या गोळ्या अधूनमधून चुकतात. धाप फुप्फुसामुळे असू शकते, रक्त कमी असल्यामुळे असू शकते किंवा हृदयामुळेही असू शकते. डॉक्टर उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, डाव्या बाजूला प्रोब ठेवून डावा खालचा कप्पा नीट आकुंचन पावतो आहे की सुस्तपणे हलतो आहे, ते पाहतात. बरीच वर्षे वाढलेला बीपी सोसणाऱ्या हृदयाची भिंत जाड झालेली असते, तीही येथेच दिसते. मग प्रोब हृदयाच्या टोकाशी नेला, की चारही कप्पे एकाच वेळी दिसतात आणि उजवी बाजू फुगली आहे का, ते कळते. झडप उघडताना अडते का किंवा मिटताना तिच्यात मोठी फट राहते का, हे ढोबळपणे समजते. हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचले असेल, तर ते हृदयाला वेढणाऱ्या काळ्या पट्ट्यासारखे दिसते. आपल्याकडे क्षयरोगामुळे असे पाणी होणाऱ्या रुग्णांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही आणि ते वेळीच दिसले, तर जीव वाचतो. शेवटी प्रोब पोटाच्या वरच्या बाजूला, फासळ्यांच्या खाली ठेवून शरीराच्या खालच्या भागातून रक्त परत आणणारी मोठी नीला पाहतात. रुग्णाला नाकाने एकदा जोरात श्वास आत ओढायला सांगितले, की निरोगी माणसाची ही नीला निम्म्याहून अधिक चपटी होते. ती दोन सेंटिमीटरच्या वर फुगलेली असेल आणि श्वासासरशी हलतही नसेल, तर पायांवरच्या सुजेचे मूळ हृदयापाशी असण्याचा संशय बळावतो. ही शेवटची खूण मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण लघवी वाढवणारी गोळी वाढवायची की कमी करायची, हा रोजचा साधा निर्णय तिच्या आधारे घेता येतो.

आता त्या ‘पंपिंग’कडे परत येऊ, कारण त्याभोवती गैरसमजांचे मोठे जाळे आहे. डाव्या खालच्या कप्प्यात ठोक्याआधी १०० मिलिलिटर रक्त असेल आणि ठोक्यानिशी त्यातले ६० मिलिलिटर बाहेर ढकलले गेले, तर पंपिंग ६० टक्के झाले. निरोगी हृदयसुद्धा पूर्ण कप्पा रिकामा करत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के हीच त्याची नेहमीची चाल असते. तेव्हा ‘पंपिंग साठ आलं, म्हणजे चाळीस टक्के हार्ट खराब’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. दुसरे असे, की खिशातल्या यंत्रावर अनुभवी डोळा हा आकडा बहुधा अंदाजाने सांगतो. पंपिंग चांगले, थोडे कमी की बरेच कमी, अशा तीन पायऱ्यांत तो अंदाज भरवशाचा असतो, पण ५२ की ५५ हे त्यावर ठरवण्यात अर्थ नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पंपिंग उत्तम असतानाही हृदय निकामी होत चाललेले असू शकते, कारण भिंत ताठर झाली, तर ते आकुंचन पावते पण नीट सैल होत नाही. शिवाय हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील ब्लॉकेज इकोमध्ये थेट दिसतच नाही. चालताना छातीत भरून येणाऱ्या माणसाचा इको ‘नॉर्मल’ आला आणि पुढच्याच आठवड्यात त्याला झटका आला, तर यंत्राने खोटे सांगितले असे होत नाही, त्याला तो प्रश्नच विचारलेला नव्हता.

मोठ्या यंत्रावरचा पूर्ण टूडी इको आणि ही खिशातली झलक यांत फरक कोणता? शेताच्या बांधावर उभे राहून पीक कसे आहे ते पाहणे वेगळे आणि भूमी अभिलेख खात्याकडून शेताची मोजणी करून घेणे वेगळे. बांधावरून पाणी तुंबले आहे की नाही ते झटकन कळते, पण त्या नजरेवर हद्दीचा वाद मिटवता येत नाही. पूर्ण तपासणीला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, तीत प्रत्येक कप्पा मोजला जातो आणि रक्ताचा वेगही मोजतात. ऑस्ट्रियाचे ख्रिस्टिआन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. आपल्या दिशेने येणाऱ्या आगगाडीची शिटी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती वाटते, त्याच प्रकारे वाहत्या रक्तावरून परतलेल्या ध्वनीतील बदलावरून त्याचा वेग काढता येतो, आणि वेगावरून झडपेपाशी दाब किती पडतो आहे, ते कळते. अनेक छोट्या यंत्रांत रक्ताचा प्रवाह रंगांत दिसतो, पण ही मोजदाद करण्याची सोय नसते. म्हणून झडप अरुंद झाल्याची शंका छोट्या यंत्राने घ्यावी आणि ती किती अरुंद झाली आहे, शस्त्रक्रिया लागेल का, हे पूर्ण इकोने ठरवावे.

इतके उपयोगी साधन असेल, तर चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे हृदय दरवर्षी पाहून का घेऊ नये, असे कोणालाही वाटेल. शहरांतल्या तपासणी पॅकेजांत टूडी इको असतोच. या प्रश्नाचे चांगले उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सो या शहराने दिले आहे. तेथे ६,८६१ मध्यमवयीन नागरिकांचे चिठ्ठ्या टाकून पाडावेत तसे दोन गट केले गेले, एका गटाचा इको केला, दुसऱ्याचा केला नाही आणि नंतर १५ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला. इको झालेल्यांपैकी २६.९ टक्के आणि न झालेल्यांपैकी २७.६ टक्के लोक या काळात वारले होते. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतका किरकोळ आहे. असे का व्हावे? तक्रार नसलेल्या माणसांत सापडणारे दोष बहुधा किरकोळ असतात. झडपेतून चिमूटभर रक्त मागे येणे तर निरोगी माणसांतही सर्रास दिसते. पण ‘माइल्ड लीक’ हे दोन शब्द रिपोर्टवर उमटले, की घरातली झोप उडते आणि फेऱ्या सुरू होतात. माझ्या मते तक्रार, बीपी, मधुमेह, कुटुंबातील इतिहास असे काही नसताना केवळ पॅकेजमध्ये आहे म्हणून इको करून घेणे हा पैशांचा आणि मनःशांतीचा अपव्यय आहे, मग यंत्र मोठे असो वा छोटे.

याच्या अगदी उलट चित्र ऱ्हुमॅटिक हृदयविकारात दिसते. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये घशाच्या एका विशिष्ट जंतुसंसर्गानंतर सांधे दुखतात, ताप येतो आणि पुढे हळूहळू हृदयाच्या झडपा आखडतात. दाटीवाटीची घरे आणि वेळेवर औषध न मिळणे हे या रोगाचे जुने सोबती आहेत. कंबोडिया आणि मोझांबिक येथील शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबोडियात ३,६७७ मुलांपैकी हातांनी व कानांनी तपासून ८ रोगी सापडले, इको केल्यावर ती संख्या ७९ निघाली. मोझांबिकमध्ये २,१७० मुलांपैकी ५ चे ६६ झाले. पण नुसते सापडून काय उपयोग? त्याचे उत्तर युगांडातून आले. तेथे एक लाखाहून अधिक मुलांचा इको करून, ज्यांच्यात रोगाची अगदी सुरुवातीची खूण होती, अशा सुमारे ८०० मुलांपैकी निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले. दोन वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ०.८ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा रोग पुढे सरकला होता. ट्रोम्सो आणि युगांडा यांत यंत्र एकाच जातीचे होते, फरक होता तो शोधलेल्या रोगावर हातात काही उपाय असण्याचा. भारतातही बंगळूरमध्ये हृदयाच्या रचनेत बिघाड असलेल्या २५३ रुग्णांवर एक प्रयोग झाला. ज्यांची तपासणी खिशातल्या इकोसह मोबाइलला जोडलेल्या साधनांनी पहिल्याच भेटीत झाली, त्यांना झडपेच्या उपचारासाठी पाठवण्यास सरासरी ८३ दिवस लागले, तर नेहमीच्या पद्धतीत १८० दिवस लागले. लांबच्या गावाहून येणाऱ्या रुग्णाचे हे तीन महिने वाचणे काय असते, ते एसटीने जिल्ह्याच्या रुग्णालयात खेपा घातलेल्यांना सांगावे लागणार नाही.

मग आपल्या गावोगावच्या आरोग्य केंद्रांत, शाळांच्या तपासणीत हे यंत्र सर्रास का दिसत नाही? किंमत आणि प्रशिक्षण ही कारणे आहेतच, पण त्याहून मोठे कारण कायद्यात आहे आणि ते महाराष्ट्राच्या अंगणातले आहे. जो प्रोब हृदय पाहतो, तो थोड्या फरकाने गर्भही पाहू शकतो. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. गाडीच्या डिकीत यंत्र घालून गावोगाव फिरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून २०१२ मध्ये केंद्राच्या नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गर्भलिंग कळू शकेल असे सुवाह्य यंत्र दोनच ठिकाणी वापरता येते : जेथे त्याची नोंदणी आहे त्या जागेत, तेथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी, किंवा इतरही आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाच्या वाहनात. त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांनासुद्धा नोंदणीवाचून असे यंत्र विकत घेता येत नाही आणि ‘खिशातला इको’ भारतात कायद्याच्या दृष्टीने खिशातून फिरू शकत नाही. ही अडचण खरी आहे, पण ज्या आकड्यांपायी ती आली, ते आकडेही खरे आहेत. नियम सैल करण्याआधी फक्त हृदयच पाहू शकेल अशी तांत्रिक कुलूपबंदी आणि प्रत्येक चित्राची आपोआप नोंद या दोन गोष्टी यंत्रात आल्या पाहिजेत, असे मला वाटते.

प्रशिक्षणाच्या बाबतीत मात्र वेगाने बदल होत आहेत. प्रोब किती वळवायचा, कोठे थोडा तिरका करायचा, हे पडद्यावर पायरीपायरीने सांगणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका प्रणालीला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. तिच्या चाचणीत, इको कधीही न केलेल्या ८ परिचारिकांनी २४० रुग्णांची तपासणी केली. डाव्या कप्प्याचा आकार, त्याचे काम आणि हृदयाभोवतीचे पाणी या गोष्टींचा निर्णय घेता येईल अशी चित्रे त्यांना ९८.८ टक्के रुग्णांमध्ये मिळाली, उजव्या कप्प्याच्या आकारासाठी हे प्रमाण ९२.५ टक्के होते. मात्र परिचारिकांनी चित्रे घेतली होती आणि ती वाचली होती हृदयरोगतज्ज्ञांनी. चित्र मिळणे आणि निदान होणे यांतले अंतर अजून माणसालाच पार करावे लागते.

तोपर्यंत, एखाद्या वॉर्डात किंवा अतिदक्षता विभागात डॉक्टरांनी आपल्या माणसाच्या छातीवर छोटा प्रोब ठेवलाच, तर त्यांना दोन गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात : ‘तुम्ही नेमके काय शोधत होता?’ आणि ‘काय नीट दिसले नाही?’ या दोन्हींची उत्तरे केसपेपरवर लिहून घ्यावीत, कारण अशा झटपट तपासणीचा छापील रिपोर्ट बहुतेक वेळा नसतो आणि शिफ्ट बदलली की तोंडी सांगितलेले हवेत विरते. पूर्वीचा टूडी इको झाला असेल, तर त्याची फाइल सोबत न्यावी. जाड झालेली भिंत नवी आहे की दहा वर्षांपूर्वीचीच आहे, हे त्या जुन्या कागदाशी ताडून पाहिल्यावरच कळते.